खंदकमामाची दया

माझा मामा फौजेत होता असं सांगितलं की लोक पहिल्यांदा त्याच्या मिशांची चौकशी करतात आणि मग पदकांची. मिशा त्याला शोभत नव्हत्या म्हणून त्यानं ठेवल्या नाहीत. आणि पदक मिळायला माणूस आधी जमिनीच्या वर दिसावा लागतो. मामाची सगळी नोकरी जमिनीखाली गेली.

छावणीच्या मागच्या अंगाला एक बोडकी टेकडी होती. तिच्या पुढ्यात चांदमारीचं मैदान, म्हणजे रंगरूट जिथं बंदुकीचा नेम धरायला शिकतात ती मोकळी जागा, आणि टेकडीच्या पायथ्याशी पुरुषभर खोल खंदक. त्या खंदकात मामा बसायचा. त्याच्या डोक्यावर लोखंडी चौकटींत टार्गेटं उभी असायची. लांबून रंगरूट गोळी झाडायचा. मामा चौकट खाली ओढायचा, भोक कुठं पडलंय ते बघायचा, काठीच्या टोकाची तबकडी त्या जागी धरून वर दाखवायचा, म्हणजे पलीकडच्यांना कळायचं की गोळी अमक्या ठिकाणी लागली. मग भोकावर कागदाची चकती चिकटवायची आणि चौकट पुन्हा वर. गोळी लागलीच नसेल तर लाल झेंडी हलवायची, आणि पलीकडच्यांना काही विचारायचंच असलं तर खंदकातला टेलिफोन वाजायचा. उन्हाळ्यात खंदक भट्टीसारखा तापायचा, थंडीत त्याच्या भिंतींतून गारवा झिरपायचा. वर आकाशाची एक लांबट पट्टी दिसायची. ढग एका टोकाकडून शिरायचा आणि दुसऱ्या टोकाला निघून जायचा. तेवढं आकाश मामाच्या मालकीचं.

गोळी टार्गेटातून गेली की नवं कापड फाडल्यासारखा आवाज येतो. चुकली की नुसती शीळ येते आणि मागं टेकडी ढेकर देते. हे आवाज ऐकत मामाचे केस पांढरे झाले. सगळी छावणी त्याला खंदकमामा म्हणायची. झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांचा तो मामा. माझा मात्र खराखुरा, आईचा पाठचा भाऊ.

आता त्याच्या दयेबद्दल.

मामाच्या कानावर एक जाड लाल-निळी पेन्सिल खोचलेली असायची. ती लिहायची नव्हती, खंदकात लिहायचं काय असतं? एखादा रंगरूट नेमाला फारच दरिद्री निघाला, आता हा नापास होणार, वळकटी उचलून घरी जाणार, बापापुढं मान खाली घालून उभा राहणार, असं चित्र मामाच्या डोळ्यांपुढं आलं की तो पेन्सिलीनं टार्गेटाला एक भोक पाडायचा. गोळीच्या भोकाशेजारी ठेवलं तर सख्खे भाऊ वाटावेत असं. मग तबकडी वर. पलीकडं उस्ताद, म्हणजे त्यांना शिकवणारा हवालदार, त्या पोराच्या पाठीत थाप मारायचा आणि पोराचं तोंड उजळायचं. मामाला ते तोंड दिसत नसे. पण पुढची गोळी जरा धीरानं सुटली की त्याला कळायचं.

ही विद्या त्याला आधीच्या खंदकवाल्यानं दिली होती आणि त्याला त्याच्या आधीच्यानं. तिला कायदे होते. भोक कडेला पाडायचं, मधल्या काळ्या ठिपक्याकडं फिरकायचंसुद्धा नाही. आईवरून शिव्या देणाऱ्याला द्यायचं नाही. पास होण्यापुरतं द्यायचं, चैनीपुरतं नाही. आणि घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे देवानं दिलं, मामाचा संशयही येता कामा नये.

यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पास झालेल्या पोराला कुठं धाडायचं हे तेव्हा म्हातारे उस्ताद त्याच्याकडं नुसतं बघून ठरवायचे. ज्याचा हात बंदुकीवर लटपटतो तो भटारखान्यात जायचा, नाहीतर कपड्यांच्या कोठारात, नाहीतर बँडमध्ये मोठा ढोल वाजवायला. ढोल एवढा मोठा असतो की तो कुणाचाच चुकत नाही.

मग छावणीत नवे साहेब आले. शिडशिडीत, ताठ, कुणाशी बोलताना डोळे किलकिले करणारे. त्यांना वरून हुकूम होता की छावणीची घडी नव्यानं बसवा, शिकवणं आणि कारभार दोन्ही सुधारा, कमी वेळात पक्का शिपाई तयार करा. ते इथं नवखे नव्हते. मिसरूड फुटायच्या वयात याच छावणीत शिकून बाहेर पडले होते. आल्याबरोबर त्यांनी ऑफिसच्या भिंती तक्त्यांनी भरून टाकल्या. जेवणाचा तक्ता, कवायतीचा तक्ता, बुटांचा तक्ता. भिंती संपल्यावर दाराच्या मागच्या बाजूलाही एक लावला, तो फक्त दार बंद असताना वाचता यायचा. छावणीनं त्यांचं नाव तक्तेसाहेब ठेवलं.

खरं बोलायचं तर माणूस वाईट नव्हता. आधी रंगरुटाला बूट मिळायचे छावणीच्या एका टोकाला, घोंगडी दुसऱ्या टोकाला आणि टोपी मधल्या कुठल्यातरी खोलीत, जिची किल्ली जेवायला गेलेली असायची. साहेबांनी सगळं एका लांब बराकीत ओळीनं मांडलं. एका दारानं बापाच्या सदऱ्यातलं पोरगं आत जायचं, दुसऱ्या दारानं शिपाई बाहेर पडायचा. फक्त न्हाव्याला त्यांनी चुकून शेवटी बसवला, त्यामुळं सुरुवातीला सगळी पलटण नव्या कोऱ्या गणवेशात पाठ खाजवत कवायत करायची. चूक ध्यानात आल्यावर न्हाव्याची खुर्ची पहिल्या दाराशी आणली. आपल्याला बढती मिळाली असं न्हावी घरी सांगून आला.

दोन भटारखान्यांचा एक केला. तिथले दोन मुख्य आचारी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आता एका चुलीपुढं उभे राहिल्यावर त्यांना निदान भांडावं तरी लागलं. एक साधा हुकूम ज्या टेबलांवरून फिरत यायचा त्यांतली बरीचशी टेबलं साहेबांनी भटारखान्यात पाठवली, तिथं ती कांदा चिरायला कामी आली. आणि उस्तादांनी नुसतं बघून पोरांच्या नेमणुका ठरवायच्या ही पद्धत त्यांनी मोडीत काढली. आता नेम ठरवणार. ज्याचा नेम उत्तम तो सगळ्यांत आधी सरहद्दीवरच्या चौकीवर, जिथं अधूनमधून खरोखरची गोळी येते. ज्याचा नेम कच्चा त्याला घरी धाडायचं नाही, त्याची कच्ची तुकडी करायची आणि रोज सकाळी जादा शिकवणी.

व्यवस्था चोख होती. तिच्यात एकच खोट होती आणि ती खंदकात कानावर पेन्सिल खोचून बसली होती.

त्या वर्षीच्या रंगरुटांत एक उंच, हसतमुख पोरगा होता. पहिल्या दिवशी त्याची एकही गोळी जमिनीच्या आसपास गेली नाही, म्हणून उस्तादानं त्याचं नाव ढगमारे ठेवलं. आडनावासारखं ते त्याला चिकटलं. हजेरीला तो त्याच नावाला ओ द्यायचा. एकदा बुटाची नाडी सुटलेली सापडली म्हणून त्याला शिक्षा झाली ती खंदकात मामाच्या हाताखाली टार्गेटं दुरुस्त करायची. शिंप्याच्या घरातला असल्यामुळं त्यानं फाटलेली कापडं अशी शिवली की मामा शिवण शोधत राहिला. पण मामा विरघळला तो त्यामुळं नाही. छावणीत इतकी वर्षं काढली, खंदकात उतरून "मामा, इथं बसून तुम्हाला कसं वाटतं?" असं कुणी विचारलं नव्हतं. या पोरानं विचारलं. मामा त्याला सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला घेऊन आला.

घरी मामी होती आणि त्यांची मुलगी, माझी मामेबहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई छावणीच्या ऑफिसात टाइपिस्ट होती. साहेबांचे सगळे हुकूम तिच्या बोटांतून बाहेर पडायचे. बोलायला तिखट, हसायला मोकळी. ढगमारे एकदा आला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा त्यानं मामीच्या शिवणयंत्राची मोडकी कळ बसवून दिली. मामीनं मामाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की मुलगा बरा आहे. मामा म्हणाला, मला काय सांगतेस, शोधून मी आणलाय.

इथं मामाचं गणित चुकलं. पोटात माया शिरली की हात कायदा विसरतो. ढगमारेला कडेचं भोक तो आधीपासूनच देत होता. मग वाटलं, जावई होणार, जरा आतलं द्यावं. मग आणखी आतलं. हळूहळू पेन्सिल ठिपक्यापर्यंत पोचली. आणि ढगमारेला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं आपल्याला नेम साधला. तो चालताना खांदे हलवायला लागला. गोळी झाडून झाल्यावर निकाल बघायचीही तसदी घेईना, आपला कुशीवर वळून शेजाऱ्याला दोन शब्द शिकवायचा. "श्वास धरायचा नाही, श्वासाला धरू द्यायचं," असलं काहीतरी सांगायचा, आणि शेजारची पोरं ते मन लावून ऐकायची.

एका सुट्टीच्या दुपारी तो छाती काढून घरी आला आणि मामा-मामींच्या पाया पडला. चौकीसाठी निवड झाली होती. सगळ्या छावणीत पहिला नंबर. ताईनंच तो हुकूम टाइप केला होता, पण त्यानं स्वतः सांगावं म्हणून ती गप्प राहिली होती. मामीनं देवापुढं साखर ठेवली. मामा मात्र ताटावरून हात धुऊन उठला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. समोर तो पोरगा उभा दिसत होता, अनोळखी मुलखात, पलीकडून खरी गोळी येतेय आणि हा कुशीवर वळून शेजाऱ्याला श्वासाबद्दल सांगतोय.

दुसऱ्या दिवसापासून मामानं पेन्सिल घरी ठेवली.

त्याचा हिशेब सोपा होता. आपण द्यायचं थांबवलं की खरं आपोआप बाहेर येईल, कुणाला काही बोलायला नको. ढगमारेच्या प्रत्येक गोळीला त्यानं लाल झेंडी दाखवली. पण द्यायचं थांबवायचं तर सगळ्यांचंच थांबवावं लागलं, कारण ज्याच्या त्याच्या गोळीला न्याय एकच. तेव्हा कळलं की छावणीतला किती नेम मामाच्या कानावर टेकलेला होता. मैदानावर लाल झेंडी अशी फडकायला लागली की लांबून बघणाऱ्याला वाटावं खंदकात कुणीतरी धुणं वाळत घालतंय. ऑफिसात साहेबांनी लावलेल्या नेमाच्या तक्त्यावरची रेघ, जी इतके दिवस झाडावर चढत होती, ती विहिरीत पडली.

आणि मामावर कुणी विश्वास ठेवला असता तर! सगळ्या उस्तादांचं एकमत झालं की पोरं तीच, बंदुका त्याच, तेव्हा बिघाड खंदकात आहे. मामा म्हातारा झाला, त्याला भोकं दिसत नाहीत. ढगमारेला तर मनापासून वाईट वाटलं. संध्याकाळी तो घरी आला, मामाच्या जवळ बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मामा, मनाला लावून घेऊ नका. वय कुणाला चुकलंय? एकदा डोळे तपासून घ्या."

ज्याला टेकडी सापडत नाही तो डोळ्यांबद्दल सांगत होता. मामी म्हणाली, "अहो, पोरगा चांगल्यासाठीच सांगतोय ना." ताईनं दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी काढून बापाला छावणीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मामानं ती वाचून खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाला, या माणसाला तुमच्या छावणीत दुसरं काय झालंय ते बघा, डोळे गिधाडाचे आहेत.

हा निरोप साहेबांना पोचला आणि साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः खंदकात उतरले. कडक इस्त्रीचा माणूस, पण पायऱ्या उतरताना हातानं भिंत चाचपत आला. मामानं एक वाळूचं पोतं झटकून दिलं. साहेब त्यावर बसले आणि म्हणाले, आता मला तुमचं काम दाखवा.

मामानं टार्गेट खाली ओढलं, कोरं होतं. झेंडी दाखवली. पुन्हा ओढलं, पुन्हा कोरं. साहेबांनी हात फिरवून बघितला. पलीकडं ढगमारे झाडत होता. टेकडी ढेकर देत होती. मग साहेबांनी विचारलं की असं आहे तर हाच पोरगा पहिला कसा आला.

मामा नोकरीत कधी खोटं बोलला नव्हता, कारण त्याला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. आज विचारलं, तर त्यानं सांगून टाकलं. पेन्सिल सांगितली, कायदे सांगितले, कायदा कुणासाठी मोडला तेही सांगितलं. आणि मग उभा राहून म्हणाला, "मला आजच्या आज घरी घालवा, साहेब. पण त्या पोराला चौकीवर धाडू नका. मरेल ते. आणि मारणारा मी असेन."

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मामाला वाटलं, आता गेली नोकरी, क्वार्टरही गेलं. पण साहेबांच्या डोक्यात काहीतरी वेगळंच फिरत होतं.

"हे कधीपासून चालू आहे?"

"मी यायच्या आधीपासून."

"म्हणजे मी इथं शिकत होतो तेव्हाही."

मामा खाली बसला आणि चकत्यांना डिंक लावायला लागला.

"मामा, मी काहीतरी विचारतोय."

"खंदकातून माणूस दिसत नाही, साहेब. नुसतं टार्गेट दिसतं."

"मग माझं टार्गेट आठवतं?"

"डावीकडचं शेवटचं," मामा म्हणाला. "टेकडीनं त्या वर्षी फार सोसलं."

साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला तो मामाला शिंकेसारखा वाटला. मग कळलं, ते हसत होते. हसणं थांबल्यावर त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि टार्गेटाकडं पाठ करून, खंदकाच्या भिंतीला सांगावं तसं सांगितलं की पास झाल्यावर वडिलांनी त्यांना मिठी मारली होती, आणि तसं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. मामानं डिंकाची वाटी खाली ठेवली.

ऑफिसात परतल्यावर साहेबांनी ताईला एक हुकूम सांगितला. टार्गेटांचं कापड सैल झाल्याचं आढळून आल्यामुळं मागचे सर्व निकाल रद्द करण्यात येत आहेत, नवी परीक्षा होईल, खंदकात स्वतः साहेब बसतील. ताईनं टाइप करता करता विचारलं की कापड सैल असलं तर गोळी लागत नाही की जास्त लागते? साहेब म्हणाले, दोन्ही होतं. तिनं वर बघितलं नाही, पण घरी येऊन मामापुढं चहा आदळला आणि म्हणाली, "आता सांगा, कुठलं कापड सैल झालंय?"

मामानं तिला आणि मामीला सगळं सांगितलं. मामी आधी कपाळाला हात लावून बसली. मग तिला ढगमारेचा श्वासाचा उपदेश आठवला आणि पदर तोंडात धरून ती आत गेली. ताई हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला माझ्या आवडीचा करत होतात की तुमच्या? मला तो शिवणयंत्राची कळ बसवताना आवडला होता." मामाला तिच्या तोंडाकडं बघवलं नाही. मग तिनं जरा मऊ आवाजात विचारलं, त्याला कोण सांगणार? मामा म्हणाला, ज्यानं खाल्लंय त्यालाच ते पचवायचंय, पण वाढलं मी, तेव्हा मीच सांगतो.

पण सांगायची पाळी आली ती परीक्षेनंतर. त्या दिवशी साहेब खंदकात शेजारी बसलेले, मामाचे दोन्ही हात रिकामे, कान मोकळा. ढगमारेची पाळी आली. तो सवयीनं ऐटीत आडवा झाला. पहिली शीळ, झेंडी. दुसरी शीळ, झेंडी. मामाचा हात दर खेपेला जड होत गेला. शेवटी पलीकडून कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि मग सगळी ओळ हसली. मामा म्हणायचा की ते हसणं टेकडीवर आपटून खंदकात परत आलं आणि कितीतरी वेळ तिथंच फिरत राहिलं. चौकीवर जाणाऱ्यांच्या यादीतून ढगमारेचं नाव त्याच दुपारी गेलं आणि कच्च्या तुकडीत लागलं.

दिवेलागणीला तो दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. खांदे हलत नव्हते. आज खंदकात साहेब स्वतः होते, तेव्हा मामाच्या डोळ्यांवर ढकलायला जागा उरली नव्हती. उंबऱ्याकडं बघत त्यानं विचारलं, "मामा, पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या," मामा म्हणाला. "पहिल्या दिवशी मला वाटलं, वारा असेल."

ढगमारेनं हे गिळलं. मग म्हणाला की मी तर पोरांना शिकवत होतो, मामा, त्या दोघातिघांना मी श्वास सोडायला लावला, आणि त्यांचा नेम सुधारला हो. मामा म्हणाला, खरंच सुधारला होता, त्यात माझा हात नव्हता. हे ऐकून त्या पोराला हसावं की रडावं कळेना. त्यानं हात वर केला, खाली केला, आणि तोंड फिरवून निघाला. चार पावलं गेल्यावर ताईनं मागून हाक मारली. तिनं समजूत घातली नाही, ती तिची पद्धतच नव्हती. म्हणाली, कच्ची तुकडी सकाळी लवकर सुरू होते, बुटाच्या नाड्या बांधून जा, आणि सुट्टीच्या दिवशी जेवायला ये, शिवणयंत्र परत अडकतंय. तो तसाच चालत गेला. पण सुट्टीच्या दिवशी आला. मान खाली घालून जेवला आणि यंत्राची कळ नीट केली. ती मोडलेली नव्हती, पण हे कुणीच त्याला सांगितलं नाही.

कच्च्या तुकडीत आडवं व्हायला लाज वाटते. बाकीची छावणी तेव्हा चहा पीत असते आणि चहा पिता पिता बघत असते. ढगमारे पहिले काही दिवस ओळीच्या टोकाला, कुणाच्या नजरेत येणार नाही असा पडून झाडायचा. उस्तादानं त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. बंदूक खांद्याला कशी टेकवायची, गाल कुठं, बोट कुठं. चौकीवर जायचं की नाही हे आता त्याच्या स्वतःच्या गोळ्या ठरवणार होत्या आणि त्या गोळ्या अजून टेकडीशीच बोलत होत्या. फरक एवढाच की आता त्यांना लाल झेंडी दाखवताना मामाचा हात जड होत नव्हता, आणि झेंडी बघून ढगमारेही पुन्हा नेमाला लागायचा.

एका सकाळी ओळीच्या टोकाला, ढगमारेच्या शेजारी, आणखी एकजण येऊन आडवा झाला. साधा सदरा, डोळ्यांवर नवा कोरा चष्मा. उस्ताद त्याच्या पाठीवर पाय देऊन कोपर सरळ करणार तेवढ्यात त्याला ओळख पटली आणि पाय हवेतच राहिला. साहेब आडव्यानंच म्हणाले की इतरांचं कोपर जसं सरळ करता तसंच करा. उस्तादानं केलं. घरी गेल्यावर त्यानं तो पाय बायकोला दाखवला म्हणतात.

त्यानंतर साहेब रोज यायला लागले. दोन टार्गेटं शेजारी शेजारी, एक ढगमारेचं, एक साहेबांचं, दोन्ही कोरी. मामा दोन्ही झेंड्या एकदम हलवायचा, श्रम वाचवायला. साहेबांनी कारभारात तेच तर शिकवलं होतं.

मग एकदा दोघांनी बरोबरच चाप ओढला आणि मामाला कापड फाटल्यासारखा आवाज आला. तो उठला. साहेबांचं टार्गेट खाली ओढलं, कोरं. ढगमारेचं ओढलं, आणि खालच्या अंगाला, अगदी कोपऱ्याजवळ, एक भोक होतं. मामानं बोट घालून बघितलं. खरं होतं. तो तसाच बघत राहिला. खंदकातला टेलिफोन वाजला तेव्हाच त्याला काठी उचलायची आठवण झाली. टेलिफोनवर उस्ताद होता. मामानं सांगितलं की ढगमारेच्या टार्गेटावर लागली आहे.

"पण गोळी कुणाची?" उस्तादानं विचारलं. कारण नवशिक्याची गोळी शेजाऱ्याच्या टार्गेटावर जाणं हे चांदमारीत रोजचंच.

मामा म्हणाला, "भोक पक्कं आहे. कुणाचं, ते तिकडंच विचारा."

टेलिफोन कानाला लावून तो ऐकत राहिला. पलीकडं ढगमारे म्हणत होता, साहेब, तुमचीच ती, तुमची बंदूक उजवीकडं जाते. साहेब म्हणत होते, माझी उजवीकडं जाते पण इतकी खाली जात नाही, तुझीच. ढगमारे म्हणाला, माझी कधी खाली गेलीय का, साहेब, सगळी छावणी साक्ष आहे. साहेबांनी आवाज चढवला आणि हुकूम दिला की ही गोळी तुझी आहे. ढगमारेनं तो मानला नाही. उपकाराची गोळी मी पुन्हा घेणार नाही, असं तो ठणकावून सांगत होता.

थोड्या वेळानं उस्ताद पुन्हा टेलिफोनवर आला आणि वैतागून म्हणाला, "मामा, तुम्ही चहा घ्या. इथं काही ठरत नाही."